यादी संपायची तेव्हा

डीमॉझ या वेबसाइटच्या डिरेक्टरीचं कुठलंही पान खाली सरकवत गेलं की ते एका ठिकाणी संपायचं. दुव्यांची यादी पुरी व्हायची आणि तळाशी बारीक अक्षरांत त्या विभागाच्या संपादकाचं टोपणनाव दिसायचं. तिथेच शेवटचा बदल कधी झाला ती तारीख. संपादक नसेल तर तेही लपवलेलं नसे. या विभागाला संपादक हवा आहे, काम करायची इच्छा असेल तर अर्ज करा, असं सरळ लिहिलेलं असे. मी पान उघडलं की आधी तळाशी जायचो. वरची यादी नंतर.

ही खोड ग्रंथालयातली. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि कोश, सूची, वार्षिकं विकत घ्यावीत की नाही यावर शेरा लिहिण्याचं काम माझ्याकडे असे. कोश हातात आला की मधलं पान आधी उघडायचं नाही. संपादकमंडळात कोण आहे, आवृत्ती कितवी आहे, या ग्रंथात काय घेतलेलं नाही हे प्रस्तावनेत कबूल केलंय का, ते पाहायचं. मग आपल्याला पक्की माहीत असलेली एखादी नोंद काढून ताडून बघायची. इंटरनेट आलं तेव्हा वेबसाइटच्या डिरेक्टऱ्यांनाही मी हेच माप लावलं, आणि ते लागलं. त्यात विशेष ते काय, असं कुणी विचारेल. विशेष एवढंच की आज रोज समोर येणाऱ्या शोधाच्या पानाला यातलं एकही माप मला लावता येत नाही.

ज्यांनी हे पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. 1994 च्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोघांनी आपल्याला आवडलेल्या साइट्सची यादी करायला घेतली. यादी लांबली, म्हणून विभाग पाडले. विभाग भरले, म्हणून उपविभाग. त्याचं याहू झालं. पुढे त्यांनी वर्गीकरणासाठी माणसं पगारावर ठेवली आणि त्या कामाची सूत्रं श्रीनिजा श्रीनिवासन यांच्याकडे दिली. कंपनीत या माणसांना 'सर्फर' म्हणत. दिवसभर साइट उघडायची, बघायची, ती कुठल्या कप्प्यात जाईल ते ठरवायचं, एका ओळीत वर्णन लिहायचं. सगळं जग चौदा मुख्य विभागांत बसवलेलं होतं: कला, उद्योग, संगणक, शिक्षण, सरकार, आरोग्य वगैरे. 1995 च्या ऑगस्टमध्ये नेटक्राफ्ट या कंपनीने जगभरातल्या साइट्स मोजल्या तेव्हा त्या भरल्या 18,957. म्हणजे एखाद्या बऱ्या तालुका वाचनालयातल्या पुस्तकांइतक्या. तेवढ्यांची यादी माणसांनी हाताने करायची हे तेव्हा कुणालाच वेडेपणाचं वाटलं नाही.

त्याच महिन्यात, 15 ऑगस्टला, विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं. सर्वसामान्य म्हणजे ज्यांना परवडेल ते. बाकीच्यांनी पुढची काही वर्षं सायबर कॅफेत काढली. तिथे तासाचे पैसे मोजायचे आणि त्यातला निम्मा वेळ चित्र वरून खाली उतरत येताना पाहण्यात जायचा. अशा ठिकाणी चुकीच्या दुव्यावर टिचकी मारणं म्हणजे रोख नुकसान. डिरेक्टरीचं पान नुसतं अक्षरांचं, म्हणून चटकन उघडायचं. आणि दुव्याशेजारी एक ओळ असायची, जी वाचून आत जायचं की नाही हे ठरवता यायचं. त्या एका ओळीची किंमत अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला कळली नसेल. इथे ती रुपयांत मोजली जायची. मागच्या रांगेतून "काका, पाच मिनिटं राहिली" असा आवाज आला की मी शोधाचा चौकोन सोडून डिरेक्टरीकडे वळायचो, कारण पाच मिनिटांत खात्रीचं काही मिळेल तर तिथेच.

डीमॉझ आली 1998 च्या जूनमध्ये. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांचं म्हणणं असं की याहूच्या पगारी माणसांना वेब आवरेनासं झालंय, साइट सुचवून महिने गेले तरी दखल घेतली जात नाही, तेव्हा हे काम जगभरच्या स्वयंसेवकांवर सोपवावं. (हेच स्क्रेंटा शाळकरी वयात, 1982 मध्ये, ॲपलच्या संगणकांवर फ्लॉपीतून पसरणारा एल्क क्लोनर नावाचा व्हायरस लिहून बसले होते. पुढे त्यांनी वेब आवरायला घेतलं, हे मला नेहमी गमतीचं वाटत आलंय.) आधीचं नाव ग्नूहू, ते आक्षेप आले म्हणून न्यूहू, मग त्याच वर्षी नेटस्केपने विकत घेतल्यावर ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते डीमॉझ. 1999 च्या ऑक्टोबरात दहा लाख दुवे झाले, 2003 च्या डिसेंबरात चाळीस लाख. 'माणसं हे काम अधिक चांगलं करतात' अशा अर्थाचं त्यांचं घोषवाक्य होतं. सगळा डेटा कुणालाही फुकट. गूगलने 2000 मध्ये स्वतःची डिरेक्टरी काढली तीही याच मालावर. फक्त क्रम आपल्या पद्धतीने लावला.

तर ही डिरेक्टरी पारखायची कशी? माझी कसोटी साधी होती: आपलं गाव शोधायचं. रीजनल, मग आशिया, मग इंडिया, मग महाराष्ट्र, मग गावं. परक्या विषयात कुणीही आपल्याला फसवू शकतं. अणुभौतिकीच्या विभागात कोणती साइट राहून गेली हे मला काय कळणार? पण जिल्ह्यातलं कुठलं कॉलेज, कुठली बँक, कुठलं दैनिक इंटरनेटवर आहे हे मला माहीत असायचं. ती नावं आहेत का, आणि त्यांच्याऐवजी कोण बसलंय? बहुतेक वेळा आढळायचं ते असं की एखादं हॉटेल, एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या कुणा गावकऱ्याने जिओसिटीज या फुकट जागा देणाऱ्या साइटवर हौसेने केलेलं पान, ज्यात देवळाचे दोन फोटो आणि आपल्या घराण्याची माहिती. महाराष्ट्राच्या विभागात महाराष्ट्रापेक्षा अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं ठळक दिसत. आता हा दोष डिरेक्टरीचा की वास्तवाचा? ज्याच्याकडे मोडेम त्याची साइट, ज्याची साइट त्याची नोंद. पण हे दिसत होतं, बोट ठेवून दाखवता येत होतं. रिकामा कप्पाही कप्पा म्हणून दिसायचा. विभागाच्या नावापुढे कंसात आकडा असायचा, आणि महाराष्ट्रापुढचा आकडा एखाद्या मध्यम अमेरिकन शहरापुढच्या आकड्याशेजारी ठेवला की जे कळायचं ते कळायचं.

दुसरी कसोटी वर्णनाची. डीमॉझच्या संपादकांसाठी नियम कडक होते. वर्णनात 'सर्वोत्कृष्ट', 'अग्रगण्य' असली विशेषणं नकोत. 'आम्ही', 'आमचे' नको. साइटचं नाव पुन्हा वर्णनात नको. मोठ्या अक्षरांत ओरडणं नको. आत काय आहे ते सांगा आणि थांबा. मालकाने पाठवलेलं वर्णन 'पुण्यातील एकमेव विश्वासार्ह' अशा थाटाचं असेल तर संपादक त्यातलं सगळं छाटून 'पुण्यातील गृहकर्ज सल्लागार. सेवा आणि संपर्क' एवढंच ठेवायचा. या छाटणीवर मी विभागाचा दर्जा ठरवायचो. ज्या विभागात विशेषणं शिल्लक असत तिथला संपादक एक तर आळशी, नाही तर त्या साइटचा मालक. मराठीत परिचय लिहिणाऱ्या पुष्कळांना ही शिकवण मिळाली असती तर आपली परीक्षणं निम्म्या लांबीची झाली असती.

तिसरी, मेलेल्या दुव्यांची. विभागातले पाचसहा दुवे उघडून पाहायचे; किती पानं सापडत नाहीत ते मोजायचं. डीमॉझकडे यासाठी रोबोझिला नावाचा प्रोग्राम होता. तो दुवे तपासत फिरायचा आणि बंद पडलेल्यांवर खूण करायचा. पुढचा निर्णय माणसाचा. साइट कायमची गेली की पत्ता बदलला, हे माणूस शोधायचा. पण पत्ता जिवंत आणि मालक बदललेला, हे रोबोझिलाला कळणार नव्हतं. जुन्या शाळेच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उभी राहिली तरी त्याच्या लेखी दुवा ठीकच. ते कळायला पुन्हा कुणाला तरी पान उघडून बघावं लागे.

आणि मग वर्गीकरण. यात मला सगळ्यात जास्त रस. याहूत 'मनोरंजन' उघडलं की आत 'ग्रंथ आणि साहित्य' दिसायचं, पण त्यापुढे ॲटचं चिन्ह. त्याचा अर्थ, याचं खरं घर इथे नाही, कला विभागात आहे. इथे नुसती पाटी. खरं घर एकच असलं पाहिजे, हा हट्ट कपाटांतून आला. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर उभं राहतं, म्हणून ग्रंथांचं दशांश वर्गीकरण करणाऱ्या ड्यूईला आकडा एकच द्यावा लागला, आणि तो देताना त्याने धर्मासाठी राखलेल्या दोनशेच्या शतकात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला देऊन हिंदू धर्माला 294.5 वर बसवलं. वेबवर फळी नव्हती, तरी हट्ट आला. इंटरनेटचे भाष्यकार क्ले शर्की यांनी 2005 मध्ये याच गोष्टीवर याहूला चांगलंच फैलावर घेतलं होतं, आणि तर्काच्या बाजूने ते बरोबर होते.

पण एकच घर शोधायला लागलं की माणसाला विचार करावा लागतो. पंढरीच्या वारीची साइट आहे समजा. ती धर्मात, हिंदू धर्माखाली, वैष्णव संप्रदायात? की महाराष्ट्र, सोलापूर जिल्हा, पंढरपूर? की साहित्यात, अभंगांमुळे? पायी चालण्याच्या छंदांमध्ये घालणारा एखादा ओहायोतला संपादकही निघू शकतो आणि त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. तमाशा लोककलेत की रंगभूमीत? गणेशोत्सव सणांत की समाजकारणात? टिळकांना विचारलं असतं तर त्यांनी कुठे टाकला असता? विभागाचं नाव बघून तो कुणाच्या डोक्यातून निघालाय हे ओळखू यायचं. पूर्वग्रह होताच, पण तो पाटीवर लिहिलेला होता.

इथे मराठीपुरती एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. त्या काळातल्या बऱ्याचशा मराठी साइट युनिकोडमध्ये नव्हत्या. प्रत्येकाचा आपला टंक: कुणाचा शिवाजी, कुणाचा कृतिदेव, दैनिकांचे स्वतःचे. टंक उतरवून घेतला तर पडद्यावर मराठी, नाही तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. यंत्राच्या दृष्टीने तो नेहमीच कचरा होता. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द यंत्राला ई, जे, के, बी, एच असा दिसायचा. ज्ञानेश्वरीचा अख्खा अध्याय कुणी टंकून ठेवला तरी जगातल्या कुठल्याही शोधयंत्राला तिथे ज्ञानेश्वरी आहे याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. ते फक्त वाचता येणाऱ्या माणसाला कळे. त्याने पान उघडायचं, टंक उतरवून घ्यायचा, वाचायचं आणि मग डिरेक्टरीत एक ओळ लिहायची की इथे अमुक आहे. गूगलचं क्रम लावण्याचं गणित, पेजरँक, कितीही हुशार असलं तरी त्या काही वर्षांत मराठी पानापर्यंत पोहोचण्याची भरवशाची वाट माणसाने लिहिलेल्या त्या ओळीतून जात होती. अमेरिकेत डिरेक्टरी ही सोय होती आणि एका टप्प्यावर ती जुनी झाली. आपल्यासाठी ती गरज होती आणि युनिकोड रुळेपर्यंत टिकली.

देशी प्रयत्नही झाले. मुंबईत राजेश जैन यांनी 1995 मध्ये इंडियावर्ल्ड सुरू केलं, त्यात 'खोज' नावाची भारतीय साइट्सची डिरेक्टरी होती. 'समाचार' आणि 'बावर्ची' तिचीच भावंडं. 1999 च्या नोव्हेंबरात सत्यम इन्फोवेने हे सगळं 499 कोटी रुपयांना घेतलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. यादीला इतके पैसे? आमच्या व्यवसायातल्या माणसाला तर हे पचणारच नव्हतं. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची 1944 मध्ये छापली, पुढच्या तेरा वर्षांचा भाग 1961 मध्ये आला. त्या सूचीवर संशोधकांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, आणि दात्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? असो. सूचीकाराला कोटींचा भाव मिळाला तो काळ दोनेक वर्षं टिकला, आणि तो भावही सूचीला नव्हताच, तिथे येणाऱ्या डोळ्यांना होता.

आता उणी बाजू. आठवणी रंगवताना ती पुसट करायचा मोह होतो, पण डिरेक्टऱ्या ज्या कारणांनी गेल्या ती त्यांच्या पोटातच होती. याहूने व्यावसायिक साइट्सकडून तपासणीचे पैसे घ्यायला सुरुवात केली. आधी एकदाच 199 डॉलर, पुढे दर वर्षी 299. तेव्हाच्या दराने चौदा हजार रुपयांच्या आसपास. आणि पैसे भरल्यावर नोंद होईलच असं नाही. फक्त ती लवकर बघितली जाईल. कोल्हापूरच्या चप्पल विकणाऱ्याने हे का भरावेत? नोंदी आद्याक्षराच्या क्रमाने लागत, म्हणून कंपन्यांनी आपल्या नावामागे तीन-तीन 'ए' लावून घेतले. डीमॉझमध्ये पैसे नव्हते, पण वाट बघणं होतं. साइट सुचवली की ती एका रांगेत जायची आणि ती रांग कुठे आहे, पुढे सरकते का, हे बाहेरच्याला कळत नसे. वर्ष जायचं. संपादक व्हायला अर्ज केला तर नमुन्यादाखल दोनतीन नोंदी लिहून द्याव्या लागत, आणि नकार आला तर कारण मिळेलच असं नाही. त्यात गूगलने दुव्यांची मतांसारखी मोजणी सुरू केली. डीमॉझमधल्या नोंदीला त्यामुळे बाजारात किंमत आली आणि संपादकपदाला वास येऊ लागला. स्पर्धकाची नोंद अडवून ठेवणारा, पैसे घेऊन नोंद करणारा संपादक असल्याच्या तक्रारी वाढल्या. पगार नसलेल्या माणसाच्या हातात ज्याचे पैसे होतात अशी गोष्ट दिली की पुढे काय होतं, हे सहकारी सोसायट्यांच्या राज्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

एक अपमान तर लक्षात राहण्यासारखा. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट शोधनिकालांत साइटचं वर्णन म्हणून डीमॉझची ओळ उचलून दाखवायचे. साइटमालकांना ती नको असायची. बेरकी विशेषणं छाटलेली ती कोरडी ओळ कुणाला आवडणार? 2006 मध्ये दोन्ही कंपन्यांनी साइटमालकांसाठी एक खूण मान्य केली: ही पानावर लावा, म्हणजे आम्ही डीमॉझचं वर्णन दाखवणार नाही. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला डीमॉझचा मुख्य सर्व्हर कोसळला आणि संपादकांना जवळजवळ दोन महिने काम करता आलं नाही. नोव्हेंबरात नेटक्राफ्टची मोजणी दहा कोटी साइट्सवर गेली. हिशोब तिथेच संपला होता.

गूगलने आपली डिरेक्टरी 2011 मध्ये बंद केली, याहूने 2014 च्या डिसेंबरअखेर. ज्या यादीतून कंपनी जन्माला आली तीच बंद करताना फारसा गाजावाजा झाला नाही. डीमॉझ 17 मार्च 2017 ला गेली. त्या दिवशी तिच्यात अडतीस लाखांवर दुवे होते, दहा लाखांवर विभाग, नव्वद भाषा. आजवर काम केलेल्या संपादकांचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेलेला. काही जणांनी तोच डेटा घेऊन कर्ली नावाने काम पुढे चालू ठेवलंय.

आणि आज? आज जे मिळतं त्यातलं पुष्कळ डिरेक्टरीला कधीच देता आलं नसतं. डिरेक्टरी घर दाखवायची, घरातलं कपाट आणि कपाटातला डबा नाही. अर्धी ओळ आठवत असेल तर संपूर्ण कविता, औषधाचं नाव चुकीचं लिहिलं तरी बरोबर औषध, शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाचं स्कॅन केलेलं नेमकं पान, हे यंत्रानेच शक्य केलं. मराठी मजकूर आता यंत्राला मराठी म्हणून वाचता येतो. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, विश्वकोशाचे खंड घरबसल्या उघडतात. मला जुने दिवस परत नकोत. कॅफेतल्या त्या खुर्च्या तर मुळीच नकोत.

फक्त माझी कसोटी चालत नाही, एवढंच. मी आजही गावाचं नाव टाकून बघतो. पहिल्यांदा जाहिराती. मग नकाशा, त्यात हॉटेलं आणि त्यांचे तारे. मग साइट्स, ज्यांतल्या निम्म्यांचा मजकूर एकमेकांसारखा, नावं बदलून कुठल्याही तालुक्याला लागू पडेल असा. अलीकडे सगळ्यांच्या वर यंत्राने स्वतः लिहिलेला गोषवारा. तो गुळगुळीत असतो, बऱ्याचदा बरोबरही असतो. कुठून काय घेतलं त्याचे दुवे असतात, काय सोडलं ते मात्र कळत नाही. हेच नाव माझ्या भाच्याने बंगळूरहून टाकलं तर क्रम वेगळा. उद्या मी टाकलं तर आणखी वेगळा. काय गाळलं गेलं हे शोधायचं तर कशात शोधणार? यादी संपली तर उरलेलं कळेल. ही संपत नाही. पुढे पुढे जावं तेवढी वाढते.

माणसं गेलेली नाहीत, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. नकाशावर तारे देणारी माणसंच आहेत, आणि संख्येने डीमॉझच्या संपादकांच्या कैक पट. पण मत देणं आणि संपादन करणं यांत फरक आहे. तारे देणारा आपल्या जेवणाबद्दल बोलतो. बाजूच्या खानावळीचा उल्लेख राहिला, ही त्याची जबाबदारी नाही. शिवाय खुद्द गूगलकडे शोधनिकालांचा दर्जा जोखणारी हजारो माणसं आहेत. त्यांच्यासाठीची मार्गदर्शिका कंपनीने 2015 मध्ये पूर्ण प्रसिद्ध केली, ती दीडशे पानांच्या वर जाते. मी ती चाळली आणि चकित झालो. साइटची जबाबदारी कुणाची आहे ते शोधा, मजकूर लिहिणाऱ्याला त्या विषयातलं काय येतं ते बघा, इतर लोक या साइटबद्दल काय म्हणतात ते तपासा. आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातला संदर्भसेवेचा धडाच. या माणसांच्या गुणांनी एखादं पान थेट वर किंवा खाली जात नाही. गणितात केलेला बदल बरा की वाईट हे ठरवायला ते वापरतात. म्हणजे पारखणारी माणसं अजून कामावर आहेत, पारखही तीच आहे. तिचा निकाल वाचकाच्या हाती येत नाही, यंत्राच्या हाती जातो.

सध्या आमच्या जुन्या ग्रंथालयात आलेली एक तरुण सहकारी विद्यार्थ्यांसाठी मराठी संदर्भाच्या साइट्सची यादी करते आहे. शब्दकोश, विश्वकोश, जुनी मासिकं, संतसाहित्य, शासनाची संकेतस्थळं. मला तपासायला पाठवते. "सर, शेवटी सगळी मुलं सर्चच करणार," असं तीच म्हणते, आणि तरी करते आहे. वर्णनातली विशेषणं मी छाटतो, दुवे ती तपासते. वाद एकाच ठिकाणी अडलाय. वारीवरची एक चांगली साइट तिने धर्म, पंढरपूर आणि साहित्य अशा तिन्ही विभागांत टाकली आहे. संगणकावर काय जागा कमी आहे, असं तिचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही. एकात ठेव आणि बाकीच्या दोन ठिकाणी पाटी लाव, असं मी तिला परवा पुन्हा लिहून कळवलं आहे.